दुसऱ्या बाईचा वरवंटा

वयात आलो गावाकडं, पण मोठा झालो तो ह्या देशात, आणि तेही एका वर्षात. त्या वर्षाचं लिहितो. बाकी आयुष्यात लिहिण्यासारखं काही नाही. दगड फोडले, दगड बसवले, पोटाला घातलं, झालं. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन कुणी विचारू नये. मुलगी रेखा म्हणाली, बाबा, फोनला तोंडानं सांगा, तो टाइप करतो. मी म्हटलं, जे पंचेचाळीस वर्षं कुणा माणसाला सांगता आलं नाही ते फोनला काय सांगू. वही आणून दे.

माझी बायको हौसा गेली त्याला सात महिने झाले. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड गावातल्या ह्या घरात मी आता दिवसभर एकटाच असतो. रेखा तेलाच्या कंपनीत आहे, जमिनीखालचा दगड कॉम्प्युटरवर बघते. सकाळी सातला गाडी काढते ती संध्याकाळी येते. बाहेर उन्हात जीव घुसमटतो, म्हणून दारं-खिडक्या बंद आणि वरून एसीचा घुं घुं आवाज. ओट्याखाली हौसाचा पाटा भिंतीला टेकवून उभा आहे, वरवंटा त्याच्या पायाशी. रेखानं एकदा विचारलं, हे गॅरेजमध्ये ठेवू का. मी फडकं घेऊन पाटा पुसायला लागलो, तर बिचारीनं तिथंच राहू दिलं. हौसा शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात होती, तोंडावर नळी. नर्स नळी काढून पाणी पाजायची तेवढ्यात बोलायची. एकदा डोळे उघडले आणि म्हणाली, "बाईला सांगितलंत का?" कोणती बाई ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. मी म्हटलं, "न्हाई." ती म्हणाली, "मग सांगा की आता." त्यावर नर्सनं नळी परत लावली. पुढं चार दिवस होती, पण बोलली नाही.

आम्ही जातीचे पाथरवट. मी एकवीस वर्षांचा आणि हौसा एकोणीसची असताना आम्हाला कुलकर्णीकाकांनी इकडं आणलं. काका तेलाचे इंजिनियर. ह्यूस्टनच्या वर दोन-अडीच तासांवर, पाइनच्या झाडांच्या जंगलात त्यांनी जमीन घेतली होती आणि तिथं आपल्या कुलदैवताचं छोटं देऊळ बांधायचं मनात घेतलं होतं. दगड आमच्याच खाणीतला. घडवून, आकडे टाकून, पेट्यांत भरून तो जहाजानं गेला, आणि मागून तो बसवायला मी आणि माझा मामेभाऊ. हौसाला काकूंनी स्वयंपाकाला म्हणून कागदावर घातलं. मामेभाऊ तीन महिन्यांत कंटाळून परत पळाला. राहिलो आम्ही दोघं, चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, आणि शेजारी अर्धवट देऊळ.

निघताना एक चूक केली, आणि ती माझी एकट्याची. हौसानं लग्नातला पाटा-वरवंटा गोधडीत गुंडाळून बांधला होता. तो मीच तिच्यासाठी घडवलेला. आमच्यात तशी रीत, नवरा मुलगा पाटा घडवतो, आणि वरवंटा घडवायच्या आधी नवरीच्या तळहाताचं माप घेतो, एक वीत आणि चार बोटं. सामान जड झालं तेव्हा मी म्हटलं, "दगड कसला नेतीस? पाथरवटाच्या बायकोनं दगड वाहायचा? जाऊ तिथं घडवून देतो, ह्याच्यापेक्षा चांगला." ती म्हणाली, "आणि तिथं दगड नसला तर?" मी हसलो. माझा बाप हसला, भाऊ हसले. दगड नाही असं एखादं गाव असतं, पण दगड नाही असा मुलूख कसा असेल? ती गोधडी तिनं सोडली आणि दगड सासूच्या, म्हणजे माझ्या आईच्या ओट्यावर ठेवला. सासूनं तेवढ्यात त्यावर मिरच्या टाकल्या सुद्धा.

आणि मुलूख निघाला बिनदगडाचा. माती तांबडी, चिकट, खाली वाळू, त्याच्या खाली परत माती. सुट्टीच्या दिवशी मी पहार घेऊन जंगल पालथं घालायचो. पहार मातीत जाताना फस्स असा आवाज करते, दगडाला लागली की हाताला झिणझिण्या येतात. त्या झिणझिण्यांसाठी माझा हात आसुसला होता. काकूंच्या कुत्र्याला वाटायचं मी त्याच्यासाठीच खड्डे करतो. तो मागून येऊन बसायचा. शेवटी ओढ्याच्या काठाला गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा थर सापडला. आनंदानं मी त्याची फळी काढली, दोन दिवस छिन्नीनं टाचून पाटा केला, उरलेल्या तुकड्याचा वरवंटा. हातोड्यानं वाजवून बघितला तर आवाज बद्द. चांगला दगड देवळातल्या घंटेसारखा बोलतो. आवाज ऐकूनही मी स्वतःला फसवलं. हौसानं त्याच्यावर शेंगदाणे, लसूण, मिरची वाटली, आणि पहिल्या घासाला दोघांच्या दाताखाली रेती कचकचली. तिनं घास गिळला. मी म्हटलं, "थुंक की." ती म्हणाली, "केलाय न्हवं एवढा. खाऊ." चौथ्या दिवशी वरवंट्याचे दोन तुकडे झाले.

तिला तेव्हा दिवस गेले होते, आणि पोटात काही ठरत नव्हतं. काकूंचा मिक्सर होता, काकू स्वतः चटण्या करून आणायच्या. पण मिक्सरची चटणी कापलेली असते, वाटलेली नसते. हौसा वास घेऊन ताट सरकवायची. तिचे हात काड्यांसारखे झाले. सकाळी पत्र्यावर पाइनची फळं टपटप पडायची, बाहेर माझी छिन्नी, आत तिच्या ओकाऱ्या. त्या वर्षाचे एवढेच आवाज. काकू म्हणायच्या, "महादू, अरे तिला काहीतरी खायला घाल, डॉक्टर वजन बघून मला ओरडतात." मी काय घालणार? ती मागत होती वाटलेलं, आणि वाटायला पूर्ण जिल्ह्यात दगड नव्हता. देवळाचा एक तुकडा कापून घ्यावा असं मनात आलं, तिलाच बोललो. ती म्हणाली, "देवाच्या नावानं आलेल्या दगडावर मिरची वाटू? आधीच पोटात पोर आहे." विषय संपला.

त्याच सुमाराला ओढ्यापलीकडच्या जमिनीवर माणसं आली. त्या खोऱ्यात धरण होणार होतं, पाणी चढायच्या आत जुनं काय आहे ते खणून काढायचं काम चाललं होतं. मुख्य होती डोरिस बाई. पन्नाशीची, उंच, पुरुषाची पँट, मानेवर उन्हानं भाजलेली कातडी. मी लांबून बघायचो. ते लोक माती चाळणीत टाकायचे, हलवायचे, आणि एक दिवस चाळणीवर मला कपच्या दिसल्या. दगडाच्या. मी विचारलं-बिचारलं नाही, ओढा ओलांडून सरळ चाळणीपाशी जाऊन एक कपची उचलली. खणणारी पोरं ओरडली. बाईनं हात वर करून त्यांना गप्प केलं. मला इंग्रजी येत नव्हतं. मी कपचीवरचा फुगवटा दाखवला, मग हवेत हातोडा मारून दाखवला, की घाव इथं बसला, आणि दगड ह्या बाजूला फुटला. मग दुसरी कपची उचलून नाक मुरडलं, म्हणजे ही फोडणारा शिकाऊ होता. बाई इतकी हसली की खाली बसली. दुसऱ्या दिवशी काकांची परवानगी काढून तिनं मला दर शनिवारी चाळणीवर बोलावलं. मी गेलो ते देवळाबाहेरच्या, ह्या मातीतल्या दगडाला हात लागतो म्हणून. तिनं काही दिलं नसतं तरी गेलो असतो.

एका शनिवारी काकू माझा डबा घेऊन आल्या तेव्हा बाईनं त्यांच्या तोंडून मला सगळं समजावलं. की हजार वर्षांपूर्वी इथं शेतकरी राहायचे. मका, घेवडा, भोपळा करायचे, गवताची घरं बांधायचे. जमीन सोन्यासारखी, पण दगड नाही. कुऱ्हाडीला नाही, सुरीला नाही, दळायला नाही. मग दगड यायचा लांबून, दहा-बारा दिवसांच्या वाटेवरून, या हातातून त्या हातात. खाणीपाशी राहणारे लोक त्याचा ओबडधोबड आकार काढून, वजन कमी करून देत, आणि शेवटचा हात इथं फिरायचा. मी काकूंना म्हटलं, "हिला सांगा, हे मला शिकवू नको. माझा बाप काय करत होता?" आणि मग मी सांगत बसलो, काकू बिचाऱ्या उन्हात उभ्या राहून इंग्रजी करत होत्या. आमच्या खाणीवर पहाटेपासून घण वाजायचे. जात्याची तळी, वरवंट्याची कांडकी नुसती ओबडधोबड फोडून गाढवांवर घालायचे. पुरं घडवून न्यायचं नाही, कारण घडीव धार वाटेत उडते, आणि गाढवानं फुकटचं वजन का वाहावं. मग काळ्या रानातल्या गावांत जायचं, जिथं कुदळीला गोटा लागत नाही. बाप पारावर बसून शेवटची टाकी लावायचा, आई घरोघर जाऊन बायकांच्या तळहाताचं माप घेऊन यायची. त्या बदल्यात ज्वारी, शेंगा, कुठं गूळ. ज्या गावची ज्वारी यायची त्या गावचं नाव आम्ही भाकरीला द्यायचो. बाई हे सगळं भराभरा लिहून घेत होती. मी विचारलं, "हे इथले लोक दगडाच्या बदल्यात काय द्यायचे?" बाईनं पेन थांबवलं. काकू म्हणाल्या, "ती म्हणते, आय विश आय न्यू, ते कळलं असतं तर बरं झालं असतं. मका असेल, मीठ असेल, कातडी, कदाचित मुलगी पण लग्न करून दिली असेल. पण ते सगळं कुजून जातं रे. जमिनीत दगड तेवढा राहतो. कशाच्या बदल्यात आला, ते सापडत नाही."

त्यानंतर दोन आठवड्यांनी तो वरवंटा निघाला. माझ्याच चाळणीवर. काळा, कठीण, आमच्या दगडाचा सख्खा चुलतभाऊ म्हणावा असा. माती पुसून मी नखानं टिचकी मारली, तर बोलला. वर्षभरानं ह्या मातीतून निघालेल्या दगडाचा आवाज कानावर आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, ती पोरं बघत होती तरी. एका अंगानं तो गुळगुळीत झिजला होता, उजव्या बाजूला जरा जास्त. म्हणजे बाई उजव्या हाताची, आणि जोर तळहाताच्या टाचेवर देणारी. मी वीत लावली. एक वीत आणि चार बोटं.

पोरगं आठव्या महिन्यातच झालं. मुलगा. गावातल्या दवाखान्यात काचेच्या पेटीत तीन आठवडे होता, हाताच्या बोटांपेक्षा नळ्या जाड. डॉक्टर म्हणाले, फुप्फुस कच्चं आहे, पण वजन धरतोय, घरी न्या, बघू. घरी आणला तेव्हा त्याचा श्वास ऐकू यायचा. झोपेत मांजर घुरघुरतं तसा. हौसा त्याला छातीवरून खाली ठेवत नव्हती. काकूंनी बारशाचं काढलं. म्हणाल्या, "अगं, जरा मन रमेल. मी ढोकळा करते, डोरिसला पण बोलावू." हौसा म्हणाली, "वरवंटा कुठाय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो, रेखाच्या पोरांना तर नाहीच माहीत. बारशाला पाळण्यात आधी पोर घालत नाहीत. आधी वरवंट्याला न्हाऊ-माखू घालतात, कुंची घालतात, काजळ लावतात, आणि तो पाळण्याच्या खालून-वरून फिरवून आत निजवतात. मग पोर. म्हणजे पोर दगडासारखं टिकावं. काकूंनी समजूत घातली. "हौसा, इट्स ओके गं. लाटणं ठेवू. आमच्या सुनीलच्या वेळेला मी मिक्सरचं भांडं ठेवलं होतं, बघ कसा घोडा झालाय." मी सुद्धा हसलो. हौसा हसली नाही. "लाकडावर पोर टिकत न्हाई," म्हणाली, आणि मग माझ्याकडं बघून हळू आवाजात, "माझा होता की. तुम्ही ठेवून आलात." वर्षभरात ती हे पहिल्यांदा बोलली. परत कधीही बोलली नाही. पण एकदा बोललेलं पुरतं.

म्हणून मी शनिवारी दुपारी, सगळे सावलीत जेवायला गेले असताना, धुऊन वाळत घातलेल्या ट्रेमधून तो वरवंटा उचलला. अजून त्याच्यावर नोंदवहीचा नंबर पडला नव्हता. डब्यात घातला, वरून भाकरीचं फडकं. चोरीच ती. मी कुणाला उगाच वळण देऊन सांगत नाही. त्याच्या आधी मी कधी कुणाचा खिळा उचलला नव्हता, आणि त्या बाईनं हौसाला तीनदा आपल्या गाडीनं दवाखान्यात नेलं होतं.

हौसाच्या हातात दिला. म्हटलं, "घे. केला." तिनं अंगठा फिरवला. ती पाथरवटाची लेक, तिला कळायला एवढंसं लागतं. टाकीची एक खूण नव्हती त्याच्यावर. वापरलेल्या दगडाला एक गारवा असतो, नवीन दगडाला तो येत नाही. तिनं मुठीत धरून बघितला, तो बसला. मग म्हणाली, "कुठला दगड?" मी म्हटलं, "मिळाला ओढ्याकडं." तिनं मान हलवली. पोराला मांडीवर घेऊन वरवंट्याला कोमट पाण्यानं न्हाऊ घालायला लागली. तिलाही माहीत होतं, आणि मला माहीत होतं की तिला माहीत आहे. अशा दोन माणसांनी पुढं पंचेचाळीस वर्षं संसार केला.

बारशाला माणसं किती, तर आम्ही दोघं, काका, काकू आणि डोरिस बाई. पाळणा म्हणजे कपड्यांची प्लास्टिकची टोपली, दोऱ्यांनी छताच्या कडीला बांधलेली. वरवंट्याला लाल कुंची, दोन काजळाचे डोळे. हौसाच्या मांडीवर पोर, तेव्हा पाळण्याच्या दोन अंगांना दोन बायका पाहिजेत. एका अंगाला काकू. दुसरी नव्हतीच. काकूंनी डोरिस बाईला हाताला धरून उभं केलं. मला हे सुचलंच नव्हतं, की दुसरी बाई तीच असणार. काकूंनी "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत ते गाठोडं टोपलीखालून पलीकडं दिलं, आणि ते डोरिस बाईच्या हातात पडलं.

तिचे हात थांबले. तीस वर्षं दगड हाताळलेली बाई. कापडातून सुद्धा वजन ओळखू येणार नाही होय? तिनं बोटं जराशी आवळली, कुंचीच्या आतून त्या झिजलेल्या अंगावर अंगठा फिरवला, अगदी हौसानं फिरवला होता तसा. मग माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं, जमिनीवरच्या लिनोलियमच्या फुलांकडं. काकू म्हणाल्या, "डोरिस, नाऊ पास इट बॅक, ओव्हर द टॉप." पोरगं घुरघुरत होतं. बाईनं हौसाकडं बघितलं, पोराकडं बघितलं, आणि गाठोडं वरून काकूंच्या हातात दिलं. पाच वेळा खाली-वर झालं. पाचही वेळा तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं. पोराचं नाव मल्हारी ठेवलं. ते तिनं दोनदा म्हणून बघितलं आणि तिसऱ्यांदा बरोबर म्हटलं.

मी पुढच्या शनिवारी चाळणीवर गेलो. जायलाच पाहिजे होतं, नाहीतर संशय येईल; चोर असाच विचार करतो. रिकाम्या ट्रेमध्ये बाईनं एक कागद ठेवला होता, त्याच्यावर खडा. कागदावर काय लिहिलं होतं ते मला वाचता येत नव्हतं. तिनं मला काही विचारलं नाही. नेहमीसारखी चाळणी दिली आणि माझ्या शेजारी उभी राहून काम करत राहिली. तिनं शिव्या दिल्या असत्या, पोलीस आणले असते, तर माझी सुटका झाली असती.

मल्हारी बारशानंतर नऊ दिवस जगला. दुपारची वेळ, मी गाभाऱ्याचा उंबरा बसवत होतो. आतून हौसाची हाक आली नाही, म्हणजे काही आवाजच आला नाही, आणि त्यानंच मला कळलं. छिन्नी ठेवली आणि गेलो. ती पोराला घेऊन टोपलीशेजारी जमिनीवर बसली होती. म्हणाली, "थांबला." बस्स, एवढंच. जणू पाऊस थांबला असं.

तान्हं पोर आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. त्या गावच्या दफनभूमीत जागा डोरिस बाईनं मिळवून दिली, तिथल्या पाद्र्याशी बोलून. पेटी बुटाच्या खोक्याएवढी. झाकण लावायच्या आधी हौसानं टोपलीतून वरवंटा काढला, त्याची कुंची नीट केली आणि पोराच्या कुशीत ठेवला. मी म्हटलं, "हौसे, तो..." ती म्हणाली, "दुसऱ्या बाईचा आहे. दुसऱ्या बाईचा दगड माझ्या पोराला कसा धरून ठेवील? तिच्याच मातीत जाऊ द्या, ती सांभाळंल त्याला." डोरिस बाई तीन हात अंतरावर उभी होती. तिला मराठी कळत नव्हतं, पण काय ठेवलं ते तिला दिसत होतं. ती पुढं झाली नाही. टोपी काढून उभी राहिली.

डॉक्टर म्हणाले फुप्फुस, आणि फुप्फुसच असणार. मी काही देवाचा कोप वगैरे मानत नाही. पण हौसा जेवेना. चार दिवस पाण्यावर. मी दारात बसून रिकाम्या हातानं मांडीवर ठोके मारायचो, दुसरं काही येत नव्हतं मला. जो दगड मी ठेवून आलो तो सात समुद्रापलीकडं सासूच्या मिरच्या वाटत होता. मला स्वच्छ दिसत होतं की ही पण जाणार. पाचव्या दिवशी डोरिस बाई आली. लोखंडी तव्यात भाजलेला मक्याचा जाड पाव, अजून गरम, वर लोणी. काकू बरोबर नव्हत्या, म्हणजे बोलायची सोयच नव्हती. ती हौसाशेजारी जमिनीवर बसली, तुकडा मोडला, आधी स्वतःच्या तोंडात घातला, मग दुसरा तिच्या ओठाशी धरला. हौसानं खाल्ला. मका खरखरीत दळलेला होता, जात्यावर दळल्यासारखा. हौसानं दुसरा तुकडा स्वतःच्या हातानं मोडला, आणि तेव्हा तिला रडू फुटलं, पहिल्यांदा. मी उठलो, बाईपुढं उभा राहिलो, आणि मला येत होता तेवढा एक शब्द म्हटला, "स्टोन." तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि डोकं हलवलं. नको, असं. आणखी एक तुकडा मोडून माझ्या हातात दिला.

पुढच्या महिन्यात तिनं मला गाडीत घातलं आणि पश्चिमेला पाच तास नेलं. तिथं गुलाबी दगडाच्या टेकड्या आहेत, उघड्या, कातळाच्या. मी गाडीतून उतरून त्या कातळावर पालथा पडलो. तिथून एक फळी आणि एक कांडकं आणलं, बाईच्या गाडीचा मागचा भाग टेकला. हौसाचा हात मापून वरवंटा घडवला. हाच तो, ओट्याखाली आहे. रेखा झाली तेव्हा पाळण्यात हाच आधी निजला. रेखाला दमा नाही, काही नाही, घोडा झाली. देऊळ झाल्यावर आम्ही ह्यूस्टनला आलो, मी स्मशानाचे दगड आणि लोकांच्या स्वयंपाकघराचे ओटे बसवत राहिलो. धरण भरलं. ती सगळी शेतकऱ्यांची वस्ती, बाईचे खड्डे, सगळं पाण्याखाली गेलं. गावची दफनभूमी तेवढी उंचावर राहिली. डोरिस बाई दहा वर्षांनी वारली. मी तिच्या मातीला गेलो होतो, आणि तिथंही बोललो नाही. इंग्रजी तोपर्यंत येत होतं.

गेल्या रविवारी रेखाला सांगितलं. तिला तिचा एक भाऊ होता एवढंच माहीत होतं. ऐकून ती दगडाची माणसं बोलतात तसं कामाचं बोलली. "बाबा, त्या जुन्या शेतकऱ्यांच्या वंशाची माणसं आहेत अजून. दे आर स्टिल हिअर. तो दगड डोरिसचा पण नव्हता, त्यांचा होता. आपल्याला त्यांना कळवायला हवं." मी म्हटलं, कळव. ती म्हणाली, "आणि त्यांनी परत मागितला तर? दॅट मीन्स ओपनिंग द ग्रेव्ह." मी म्हटलं, मागितला तर द्यायचा. चोरलेला आहे. पण उकरायला मी जाईन, दुसऱ्या कुणाची कुदळ तिथं लागू द्यायची नाही. ती रडली. मी रडलो नाही. माझं रडून झालेलं आहे, आता रोज सकाळी उठायचं कशाला हा एवढाच प्रश्न राहिलाय, आणि ह्या कामापुरतं त्याला उत्तर मिळालं.

रेखानं पत्र पाठवलंय. उत्तर येईल तेव्हा येईल. हौसाची राख कपाटात आहे, ती मी नदीत सोडली नाही. पोराशेजारी हातभर जागा आहे, तिथं ती पुरणार, आणि तिच्याबरोबर हा गुलाबी वरवंटा. तिच्या हातानं तो एका अंगानं झिजलाय, उजव्या बाजूला जरा जास्त. काल मी त्याला टाकी लावायला घेतला होता, सवयीनं. छिन्नी टेकवली आणि उचलली. झिजलेलाच जाऊ दे.

पुढं कधीतरी तिथं कुणी खणेल. चाळणीवर हा दगड येईल, धुऊन ट्रेमध्ये ठेवतील, वीत लावून बघतील. हा दगड इथला नाही, लांबून आलाय, हे त्यांना लगेच कळेल. कशाच्या बदल्यात आला ते मातीत सापडणार नाही. म्हणून लिहून ठेवलं.